कारंज्याचे दोन सूर्य

मूर्तिजापुराहून यवतमाळच्या वाटेला लागले की कारंजा हा जुना कसबा येतो. सरकारी दप्तरात त्याचे नाव कारंजा लाड. १९९८ सालापर्यंत तो अकोला जिल्ह्यात मोडत असे, पुढे वाशीम जिल्हा वेगळा झाल्यावर त्यात गेला. दत्तसंप्रदायी मंडळींना तो नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून, कापसाच्या अडत्यांना जुनी पेठ म्हणून आणि दिगंबर जैनांना बलात्कारगण, सेनगण व काष्ठासंघ अशा तीन परंपरांच्या मंदिरांचे गाव म्हणून ठाऊक आहे. या मंदिरांच्या भांडारांत भट्टारकांनी आणि त्यांच्या शिष्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जतन केलेल्या पोथ्यांचा लौकिक इतका की, रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची १९२६ साली नागपुरास छापविली, तेव्हा कारंज्याच्या संग्रहांची रीतसर दखल घेतल्यावाचून ती पुरी होण्याजोगी नव्हती. अन्य ताऱ्यांना असतो तसा एखादा सहचर तारा आपल्या सूर्याला असता तर आकाश कसे दिसले असते, हा प्रश्न अलीकडे खगोलप्रेमी लोक मोठ्या हौसेने चघळतात. परंतु ज्या मुलखात कारंज्यासारखी भांडारे नांदली त्या वऱ्हाडाला दुसऱ्या सूर्याची कल्पना मुळीच नवखी नाही. जैनांच्या करणानुयोगात जंबुद्वीपावर सूर्य एक नसून दोन आहेत, चंद्रही दोन आहेत, आणि हा अर्थवाद नसून तपशीलवार हिशेबाने मांडलेला सिद्धांत आहे.

तो हिशेब थोडक्यात असा. पृथ्वी सपाट, तिच्या मधोमध मेरू, मेरूच्या दक्षिणेस भरतक्षेत्र, उत्तरेस ऐरावत, पूर्वेस व पश्चिमेस विदेहाचे दोन भाग. सूर्य पृथ्वीखाली जात नाही. तो मेरूभोवती आडवा फिरतो, आणि त्याला एक फेरी पुरी करावयास एक नव्हे, दोन अहोरात्रे लागतात. मग रोज सकाळी आपल्याकडे जो उगवतो तो कोण, या शंकेचे उत्तर म्हणून मेरूच्या पलीकडे, पहिल्याच्या बरोबर समोर, दुसरा सूर्य उभा केलेला आहे: आज एकाने भरतक्षेत्र उजळले की उद्या दुसऱ्याची पाळी. भरतात दिवस असतो तेव्हा ऐरावतातही दिवसच असतो आणि पूर्व-पश्चिम विदेहांत रात्र. सूर्यांची मंडले १८४. उत्तरायणापासून दक्षिणायनापर्यंत १८३ दिवस दोघे मिळून रोज एकेक मंडल सरकत जातात. जंबुद्वीपाबाहेर लवणसमुद्रावर ४ सूर्य, धातकीखंडावर १२, कालोदावर ४२, पुष्करार्धावर ७२, असे मनुष्यलोकात एकूण १३२ सूर्य भरतात. या ग्रंथांतला सर्वांत मोठा दिवस १८ मुहूर्तांचा, म्हणजे १४ तास २४ मिनिटांचा आहे. अमरावतीचा ज्येष्ठातला दिवस साडेतेरा तासांच्या आतच आटोपतो. तेव्हा हे गणित मूळचे कोठले का असेना, वऱ्हाडातले खास नव्हे. तरीही या व्यवस्थेची सममिती पाहून मला तिच्याविषयी आदर वाटत आला आहे. प्रमेय चुकीचे आहे, पण त्यातून निघणारे एकही उपप्रमेय त्या आचार्यांनी टाळलेले नाही: सूर्य दोन म्हटल्यावर त्यांनी चंद्र दोन मानले, नक्षत्रेही दुप्पट करून ५६ केली.

सिद्धांतकारांना हे पटणे शक्यच नव्हते. वराहमिहिराने सहाव्या शतकात, ब्रह्मगुप्ताने ६२८ साली आणि भास्कराचार्याने ११५० साली सिद्धांतशिरोमणीच्या गोलाध्यायात या द्विसूर्यवादाचा समाचार घेतला आहे, आणि तिघांचाही रोख एकाच जागी आहे. सूर्य आणि नक्षत्रे दोन-दोन असून आलटून पालटून उगवतात असे म्हणणाऱ्याला पूर्वक्षितिजाकडे बोट दाखवून कधी हरविता येणार नाही, कारण मावळलेली वस्तू आणि उगवलेली वस्तू एकच हे पूर्वेकडे पाहून कोणी शाबीत करावे? म्हणून त्यांनी साक्षीदार निवडला तो उत्तरेचा. ध्रुवाभोवती माशाच्या आकृतीचा एक तारकापुंज आहे, त्यास ध्रुवमत्स्य म्हणतात. हा मत्स्य मावळतच नाही. वऱ्हाडात ध्रुव क्षितिजापासून सुमारे २१ अंशांवर दिसतो आणि मत्स्याचा दूरचा भाग क्षितिजाजवळ खाली येतो, पण त्याखाली बुडत नाही. मार्गशीर्ष-पौषात ज्वारीच्या रखवालीसाठी माळ्यावर जागल करणाऱ्या कोणाही शेतकऱ्याने ही गोष्ट स्वतः पाहून घ्यावी. सांजवेळी मत्स्याचे तोंड ज्या अंगाला असते त्याच्या उलट अंगाला ते पहाटे वळलेले असते. मधल्या काळात तो क्षणभरही दृष्टीआड झालेला नसतो, त्यामुळे त्याच्या जागी दुसरा मत्स्य आणून ठेवला अशी सबब सांगता येत नाही. आणि दुसऱ्या दिवशी सांज झाली की तो पुन्हा पूर्वस्थितीस आलेला असतो. म्हणजे आकाशाचा पुरता फेरा एका अहोरात्रात होतो, दोन अहोरात्रांत नव्हे. आणि ज्या सूर्याच्या मावळण्याशी मत्स्याची एक ठरावीक स्थिती जुळलेली आहे तोच सूर्य परत आलेला आहे. यंत्र नाही, नलिका नाही, घटिकापात्राचीही गरज नाही. खंडनाच्या वाङ्मयात इतका स्वच्छ पुरावा मला दुसरा आढळलेला नाही.

आता या वादाचा वऱ्हाडाशी दुसऱ्या बाजूनेही ऋणानुबंध आहे, आणि तो फारसा कोणी सांगत नाही. पयोष्णीच्या तीरावर विदर्भात दधिग्राम नावाचे गाव होते. तेथील चिंतामणी नामक ज्योतिष्याच्या वंशात बल्लाळ झाला, तो काशीस जाऊन राहिला. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ च्या ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ या ग्रंथात या कुळाची हकीकत दिली आहे आणि ती वाचण्याजोगी आहे. बल्लाळाचा पुत्र कृष्ण दैवज्ञ याने भास्कराच्या बीजगणितावर टीका लिहिली. जहांगीर बादशहाच्या दरबारी त्याची चाह होती, आणि जातकपद्धतीचे उदाहरण म्हणून त्याने पत्रिका घेतली ती खानखानान अब्दुर्रहीमाची. १५९६ साली वऱ्हाडचा सुभा निजामशाहीकडून अकबराकडे गेल्यावर दक्षिणेच्या मोहिमांत ज्याच्या हयातीची बरीच वर्षे खर्ची पडली तोच हा सरदार आणि हिंदी दोह्यांचा कवी रहीम. तेव्हा वऱ्हाडच्या नदीकाठून काशीला गेलेल्या घराण्याने वऱ्हाडात लढणाऱ्या सरदाराचे ग्रह मांडावेत, यात त्या काळच्या मोगली राज्याचा विस्तार नेमका डोळ्यांपुढे येतो. कृष्णाचा भाऊ रंगनाथ याने सूर्यसिद्धांतावर ‘गूढार्थप्रकाशिका’ ही टीका शके १५२५ मध्ये, म्हणजे १६०३ साली पुरी केली. त्याच वर्षी त्याला मुनीश्वर हा पुत्र झाला. मुनीश्वराने सिद्धांतशिरोमणीवर ‘मरीचि’ नावाची विस्तृत टीका केली आणि १६४६ साली ‘सिद्धांतसार्वभौम’ हा स्वतंत्र ग्रंथ रचला. भास्कराच्या ज्या गोलाध्यायात दोन सूर्यांचे खंडन आहे त्याचे विवरण अशा रीतीने दधिग्रामच्या वंशजाकडे आले. आणि ज्यांचे खंडन व्हावयाचे त्यांच्या परंपरेच्या पोथ्या त्याच वऱ्हाडात, कारंज्याच्या भांडारांत, वेष्टनांत बांधलेल्या होत्या. वादी आणि प्रतिवादी दोघेही एकाच सुभ्यातले.

फिर्याद छापखान्यापर्यंत पोहोचली ती विसाव्या शतकात. अमरावतीस १९२३ साली किंग एडवर्ड कॉलेज निघाले, तेच पुढे विदर्भ महाविद्यालय झाले. तेथे संस्कृतचे अध्यापक म्हणून आलेले डॉ. हिरालाल जैन (हे सूचीकार रायबहादुरांहून निराळे, नामसाम्याने पुष्कळांची फसगत होते) कारंज्याच्या भांडारांकडे वळले. कारंज्याच्या जैन ग्रंथमालांत पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ १९३१ साली डॉ. प. ल. वैद्यांच्या संपादनाने आणि ‘णायकुमारचरिउ’ १९३३ साली हिरालाल जैन यांच्या स्वतःच्या संपादनाने प्रसिद्ध झाले. १९३९ पासून त्यांनी षट्‌खंडागमाचे धवला टीकेसह प्रकाशन अमरावतीहून आरंभिले. मूडबिद्रीच्या कानडी ताडपत्रांवरून उतरत आलेल्या ज्या प्रतींचा त्यांनी उपयोग केला त्यांत एक कारंज्याची आणि एक अमरावतीचीच होती. आमच्या विषयाच्या दृष्टीने मात्र त्यांचे निराळे काम महत्त्वाचे आहे. यतिवृषभाचा ‘तिलोयपण्णत्ति’ हा लोकरचनेचा प्राकृत ग्रंथ डॉ. आ. ने. उपाध्ये आणि हिरालाल जैन यांनी संपादून सोलापूरच्या जीवराज ग्रंथमालेत १९४३ साली त्याचा पहिला भाग प्रसिद्ध केला, दुसरा १९५१ साली. दोन सूर्यांची मंडले, त्यांची अंतरे, त्यांचे ताप आणि तम यांची क्षेत्रे, हे सारे गणित शुद्ध पाठासह वाचकांच्या हाती आले ते या ग्रंथामुळे. ज्या वर्षी हा पहिला भाग निघाला त्या वर्षी त्याचा एक संपादक अमरावतीच्या सरकारी महाविद्यालयात शिकवीत होता, आणि त्याच महाविद्यालयात पदार्थविज्ञानाच्या वर्गात कोपर्निकस व न्यूटनही शिकविले जात होते. या दोहोंत कोणाला विसंगती वाटली असेल तर ती वाटणे साहजिक आहे; मला स्वतःला त्यात एका सुसंस्कृत शहराची ऐट दिसते.

दुर्बिणीने दुसरा सूर्य दाखविला तो मात्र निराळ्या जातीचा. १६८९ च्या डिसेंबरात पाँडिचेरीस रिशो नावाचा जेझुइट पाद्री धूमकेतू पाहत असता नरतुरंगातला ठळक तारा, ज्यास मराठीत मित्र म्हणतात, एक नसून दोन असल्याचे त्याला आढळले. वैशाखाच्या रात्री वऱ्हाडातून हा तारा दक्षिण क्षितिजावर जेमतेम ८ अंश वर येतो. मधे झाड किंवा टेकडी नसली तर सहज दिसतो. मग पुण्याचा दाखला आहे. मुंबई इंजिनिअर्स पलटणीचा अधिकारी विल्यम स्टीफन जेकब याने १८४० नंतरच्या दशकात तेथे स्वखर्चाने वेधशाळा मांडली आणि २४४ जोडताऱ्यांची यादी केली. पुढे तो मद्रासच्या वेधशाळेचा प्रमुख झाला आणि १८६२ साली पुण्यासच वारला. जोडतारे परस्परांभोवती फिरतात हे तोवर निश्चित झाले होते. सूर्यासारख्या ताऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना असा सोबती असतो असे आजचे वेध सांगतात, तेव्हा आपल्या सूर्यालाही सोबती असता तर नवल नव्हते. नवऱ्या मुलीस वसिष्ठाशेजारची अरुंधती दाखविण्याचा आमचा विधी या दृष्टीने मोठा समर्पक ठरतो, कारण त्या ठिकाणी साध्या डोळ्यांना दोन दिसणारे तारे प्रत्यक्षात सहा आहेत.

सूर्याची स्वतःची झाडाझडती वऱ्हाडच्या भूमीवर एकदा झाली. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाची पट्टी विजयदुर्गाजवळ किनाऱ्यावर चढून ईशान्येकडे गेली. विजयदुर्गास लॉकियर, करमाळ्याजवळ जेऊरला पुण्याचे नायगमवाला, वर्ध्याकाठी पुलगावास न्यूऑल आणि हिल्स, आणि पुलगावाच्या अलीकडे, धामणगावशेजारी, अमरावती जिल्ह्यातल्या तळणी या लहानशा रेल्वे स्टेशनापाशी ब्रिटिश खगोल संघाचा तळ. या तळावर ग्रीनिचचे वॉल्टर माँडर, त्यांच्या पत्नी ॲनी माँडर, थ्वेट्स आणि जॉन एव्हरशेड होते. मुंबईत प्लेगचा कहर चालू असता ही मंडळी दुर्बिणी, आरसे, काचपट्टिका असा सरंजाम घेऊन कपाशीच्या मुलखात येऊन राहिली, ती जेमतेम दोन मिनिटांच्या काळोखासाठी. एव्हरशेड यांनी तेथे घेतलेल्या वर्णपटांत हायड्रोजनच्या रेषांची मालिका जेथे संपते त्याच्या पलीकडे जंबुपार भागात अखंड प्रकाशाचा पट्टा उमटला होता, आणि तो त्यांच्या पुढील कीर्तीचा पाया ठरला; ते १९०७ साली कोडाईकनालच्या वेधशाळेत रुजू झाले आणि सौरडागांतील वायूंच्या वाहण्याविषयीचा त्यांचा शोध १९०९ चा आहे. ॲनी माँडर यांची कामगिरी मला त्याहून लोभस वाटते. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजने दिलेल्या अनुदानातून घेतलेल्या दीड इंची भिंगाच्या लहान कॅमेऱ्याने त्यांनी प्रभामंडलाचे चित्र घेतले, आणि त्यात सूर्यापासून सुमारे ६० लक्ष मैल लांब गेलेला एक किरण सापडला. इतका लांब किरण तोपर्यंत कोणाच्याही काचपट्टीवर आला नव्हता. मोठमोठ्या यंत्रांच्या मालकांना जे जमले नाही ते तळणीच्या माळावर एका बाईच्या छोट्या कॅमेऱ्याने केले.

सूर्याचा अंधुक सोबती दूर कोठे दडलेला असावा ही शंका मात्र १९८४ सालापर्यंत जिवंत होती, किंबहुना त्या वर्षी तिला नवा जोर आला. पृथ्वीवरील जीवांचा संहार काही कोटी वर्षांच्या ठरावीक अंतराने होतो असे काहींना आढळले, आणि सूर्याचा एक मंद सहचर त्या अंतराने जवळ येऊन धूमकेतूंचा मारा करतो अशी उपपत्ती निघाली. त्या कल्पित ताऱ्याला नेमेसिस हे नाव मिळाले. वाइज या अवरक्त उपग्रहाच्या वेधांची छाननी २०१४ साली प्रसिद्ध झाली, तीत सूर्यापासून पृथ्वीच्या अंतराच्या २६,००० पटींपर्यंत गुरूएवढाही पिंड मिळाला नाही. आभाळातून पडलेल्या पाषाणाने खोदलेले लोणारचे सरोवर वऱ्हाडातच असल्याने त्याचे पाप नेमेसिसच्या माथी मारण्याचा मोह होतो, परंतु त्याला आधार काही नाही.

तेव्हा कल्पनेनेच सोबती आणावा. मित्र ताऱ्याच्या जोडीतला धाकटा तारा उचलून त्याच अंतराने आपल्या सूर्याजवळ ठेवू. त्याची फेरी ८० वर्षांची, तेज सूर्याच्या निम्मे, रंग किंचित नारिंगी. जवळ आला असता तो शनीच्या कक्षेच्या थोडा पलीकडे असेल, लांब गेला असता नेपच्यूनच्याही पलीकडे. डोळ्यांना तो बिंदूच दिसेल, पण तो बिंदू जवळ असताना पुनवेच्या सुमारे दीड हजार चंद्रांइतका आणि लांब असताना दीडशे चंद्रांइतका प्रखर असेल. त्याने उष्मा वाढला असता म्हणावे तर अकोल्याच्या मे महिन्याला एक अंशाचीही भर पडली नसती. सूर्याच्या तेजाच्या अडीचशेव्या हिश्शाहून तो कधी फारसा पुढे जात नाही. प्रकाशाची गोष्ट वेगळी. वर्षातून एकदा तो सूर्याच्या बरोबर समोर येईल, सूर्यास्ताला उगवेल आणि सूर्योदयाला मावळेल. त्या दिवसांत अमरावतीच्या जवाहर गेटापाशी मध्यरात्री दिव्यावाचून जमाखर्चाची वही लिहिता येईल, आणि बिंदूपासून येणारा प्रकाश असल्यामुळे पागोट्याच्या सुरकुतीचीसुद्धा सावली धारदार पडेल. उलट सहा महिन्यांनी तो सूर्याजवळ दिवसाच तळपेल, आणि तेवढे दोन-अडीच महिने रात्र रात्रीसारखी राहील. शेतकऱ्याची बाज आणि तिकांडे, ज्योतिष्याची कृत्तिका-रोहिणी, सारी तारामंडळे रात्रभर दिसावयाची ती त्या मोसमापुरती. आणि ज्या ध्रुवमत्स्याच्या साक्षीने भास्कराने सूर्य एकच असल्याचे सिद्ध केले तोही, सूर्य खरोखर दोन असते तर, वर्षाचा मोठा भाग रात्रभर सलग दिसलाच नसता.

सोबतीची कक्षा सूर्याच्या मार्गालगतच आहे असे धरले तर तो उजेडाचा महिना कायम एकच राहणार नाही. तो राशीराशीने सरकेल, आणि कक्षा लांबट असल्यामुळे अर्धे राशिचक्र तो सुमारे १५ वर्षांत धावत ओलांडून उरलेल्या अर्ध्याला सुमारे ६५ वर्षे लावील. आश्विन अमावास्येस आजोबांनी लाविलेल्या पणत्या काळोखात शोभल्या असतील, तर नातवाच्या काळी लक्ष्मीपूजनाच्या रात्री दीड हजार चंद्रांच्या उजेडात पणती लावणे हा निव्वळ धर्माचा हुकूम पाळणे होईल. जुन्या गावरान ज्वारीला निसवण्यासाठी लांबत्या रात्रींचा इशारा लागतो. ज्या दशकांत भाद्रपद-आश्विनाच्या रात्री उजळ असतील त्या दशकांत ती जात वाढत राहील आणि कणीस धरणार नाही, म्हणून पैसेवारी ठरविणाऱ्या मामलेदाराला पर्जन्याबरोबर सोबतीचेही कोष्टक जवळ बाळगावे लागेल. सारावसुलीची ८० वर्षांची एखादी तहनामेवजा पद्धत निजामाच्या अमलातच रूढ झाली असती, असे मला वाटते.

या सौद्यात पंचांगातले दोन ग्रह मात्र गमवावे लागतात. अशा सोबतीच्या ओढीपुढे सूर्यापासून पृथ्वीच्या अंतराच्या अडीच-तीन पटींपलीकडे कोणत्याच ग्रहाला स्थिर कक्षा राहत नाही. पृथ्वी व मंगळ वाचतात, गुरू आणि शनी वाचत नाहीत. गुरू नाही म्हणजे सिंहस्थ नाही, साठ संवत्सरांचे चक्र नाही. शनी नाही म्हणजे साडेसाती नाही, आणि शनिवारच्या तेलाचा खप वऱ्हाडभर बसला. सिद्धांतसार्वभौम लिहिताना मुनीश्वराला या दोन ग्रहांऐवजी एकाच सोबतीची गती साधावी लागली असती, आणि तेथे त्याची खरी पंचाईत होती. सूर्यसिद्धांतात ग्रहाची गती कमीजास्त होते तिचा मेळ मंदपरिधी नावाच्या लहान वर्तुळाने घालतात. सर्वांत मोठा मंदपरिधी मंगळाचा, तोही ७५ अंशांचा. सोबतीच्या लांबट कक्षेसाठी तो ३६० अंशांच्याही पुढे जातो, म्हणजे मदतनीस वर्तुळ मूळ कक्षेहून मोठे होते आणि दधिग्रामच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली रीत त्या ठिकाणी लागू पडत नाही.